उजव्या डोळ्याने पकडलेली चोरी

१

दैवशालाबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि आठवडा उलटायच्या आत त्यांच्या घरातली चोरी उघडकीला आली. ती कधी झाली हे कुणाला सांगता येत नव्हतं. डोळ्याला दिसू लागेपर्यंत चोरी झाली आहे हेच मुळात कुणाला माहीत नव्हतं.

वाटूरच्या त्या घराच्या अंगणात सकाळचं ऊन पसरलं होतं. मुलगा दुकानावर गेला होता, सून आत भाकरी थापत होती. धुराजवळ जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. त्यामुळे दैवशालाबाईंना बाजेवर बसून राहण्याखेरीज काम उरलं नव्हतं. रिकाम्या माणसाची नजर, त्यातून ती नवी कोरी, कुठे जाईल याचा नेम नसतो. त्यांनी काळा चष्मा काढून उशाशी ठेवला, गळ्यातली बोरमाळ उतरवली आणि हात लांब करून उन्हात धरली. जवळचं दिसायचा चष्मा अजून मिळायचा होता, म्हणून हात लांब. बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या.

मग त्यांनी नवीन जालन्याला फोन लावला.

"सायबा, जल्दी निघ. घरात चोर हाय."

सायबा म्हणजे साहेबराव, त्यांचा धाकटा भाऊ. पोलीस खात्यात जमादार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना जिल्हाभरच्या चोऱ्यांनी त्यांना झोपू दिलं नाही, आणि निवृत्तीनंतर एकही चोरी होईना म्हणून झोप येईना, असा हा माणूस. बहिणीचा फोन ठेवला तेव्हा त्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला आणि गुणगुणत मिशीवरून कंगवा फिरवला.

एसटीतून उतरून ते घरी पोचले तेव्हा सून पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. पाया पडली. "मामा, अचानक?" तिने विचारलं.

"बहिणीचा डोळा बघायला आलो," साहेबराव म्हणाले. तपास करणाऱ्याने आल्या आल्या खरं सांगू नये, हा त्यांचा जुना दंडक.

सून चहा ठेवायला गेली तशी दैवशालाबाईंनी भावाला बाजेवर ओढून बसवलं आणि मूठ उघडली.

"ह्या माळेतले काही मणी माझे न्हाईत. कोणीतरी बदललेत."

बोरमाळ म्हणजे बोराएवढ्या सोन्याच्या मण्यांची माळ. दैवशालाबाईंच्या नवऱ्याने, अप्पारावांनी, पहिल्या लेकीच्या वेळी केलेली. अप्पाराव गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाईंनी बाकीचं सगळं उतरवलं, ही माळ उतरवली नव्हती.

"कुणावर संशय?" साहेबरावांनी आवाज खाली आणला.

"माळ माझ्या गळ्यातून दोनदाच निघाली. एकदा दिवाळीनंतर आपल्या लेकीनं, सुरेखानं, सासरच्या एका लग्नात घालायला नेल्ती. अन् एकदा संक्रांतीत. नातीचं, ओवीचं, बोरन्हाण होतं, पोरगी खांद्यावर चढून राह्यली होती, तिनं ओढली अन् दोरा तुटला. मी मांडीवरून चाचपून उचलली अन् प्रीतीच्या हातात दिली. ती गाठवून घेऊन आली." बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "माझ्या डोळ्यासाठी लई पिच्छा पुरवला ह्या सुनेनं. आता डोळा आला तर हे दिसलं."

"मंग इचार की तिला."

"इचारणार. रविवारी सुरेखा येऊन राह्यली. सगळ्यांच्या समोर इचारणार. सुनेनं केलं असंल तर तिनं माहेरचा रस्ता धरावा. अन् दुसरा डोळा मी करीत न्हाई, सांगून ठेवते. एका डोळ्यानं एवढं दाखवलं, दुसरा काय काय दाखवील!"

दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्याच आठवड्यातली होती.

२

चहाचे दोन घोट पोटात गेले आणि साहेबरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते इतक्या जोरात हसले की ओवी झोळीत दचकली.

"बाई, चोर सापडला! तुझा डोळाच चोर हाय."

साहेबरावांचे दोन्ही डोळे गेल्या वर्षी झाले होते आणि या विषयावर ते कीर्तन करू शकत. ऑपरेशन करून घरी आले तेव्हा भिंती पांढऱ्याशुभ्र दिसल्या. मला न विचारता घराला रंग का दिला, म्हणून बायकोशी दिवसभर भांडले. भिंती पहिल्यापासून पांढऱ्याच होत्या. शेवटी बायको त्यांना घेऊन थेट डॉ. सुमेधांकडे, बाईंचा डोळा केलेल्या याच डॉक्टरीणबाईंकडे, गेली होती, नवऱ्याचा डोळा बिघडला की डोकं हे विचारायला.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ठाऊक हाय? आपल्या डोळ्यात जी कुदरती लेन्स असती, ती वयानं चहाच्या पाण्यासारखी पिवळी पडत जाती. आपण सगळं जग त्या चहातून बघतो अन् आपल्याला पत्ता लागत न्हाई. ऑपरेशनात ती जुनी लेन्स बारीक फोडून ओढून घेतात, अन् तिच्या जागी नवी घडी करून आत सरकवतात. आत गेली की ती आपोआप उघडती. टाका न्हाई, काही न्हाई. ती नवी एकदम साफ. मंग पिवळं होतं ते फिकं दिसतं, अन् पांढरं तर डोळ्यात भरतं. सोनं फिकं दिसलं म्हणून तू चोरी झाली म्हणतीस!"

"मला येडी समजतो का?"

"प्रयोग करू. उजवा डोळा तळहातानं झाक. दाबू नको. आता डाव्यानं बघ."

बाईंनी पाहिलं. "पिवळी. धमक पिवळी. पण अंधुक."

"आता डावा झाक."

"फिकी झाली," बाई कबूल झाल्या.

"केस खलास!" साहेबरावांनी मांडीवर थाप मारली. परतीची एसटी मिळते का, हा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

"थांब," दैवशालाबाई म्हणाल्या. "सगळी माळ फिकी पडली असती तर मी तुला फोन केला नसता. हे मणी बघ. अन् हे शेजारचे बघ. ह्याच एका डोळ्यानं दोन्ही बघून राह्यले ना मी? मंग हे पिवळे अन् हे लालसर कसे?"

साहेबरावांनी माळ उन्हात धरली. त्यांच्या तर दोन्ही डोळ्यांत साफ लेन्स. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. पदकाच्या दोन्ही बाजूंचे पाच-सहा मणी बाकीच्यांपेक्षा खरंच वेगळे होते. किंचित तांबूस, आणि जास्त गुळगुळीत.

तरी शंका नको म्हणून त्यांनी डॉ. सुमेधांना फोन केला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या हसल्या.

"जमादारसाहेब, नवी लेन्स रंग बदलून दाखवते तो सगळ्या वस्तूंचा सारखाच. एक मणी पिवळा आणि शेजारचा लाल, असा भेदभाव ती करत नाही. बाई बरोबर बघताहेत. उलट आधी मोतीबिंदूमुळे हा फरक त्यांना कळणं शक्यच नव्हतं."

"म्हंजे चोरी झाली."

"ते तुमचं खातं. माझ्या खात्यातलं एक सांगते. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू कडक होत चाललाय. जितका कडक होईल तितका फोडायला अवघड. तारीख चुकवू नका."

साहेबरावांनी फोन खिशात घातला. बहीण एकदा नाही म्हणाली की नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. मण्यांचा उलगडा झाल्याशिवाय ती गाडीत बसणार नव्हती.

३

राधेश्याम सोनाराची पेढी वाटूर फाट्याजवळ होती. साहेबराव माळ रुमालात बांधून तिथे गेले. गावात बोभाटा नको म्हणून "कुणाची हाय ते इचारू नको" अशी सुरुवात केली. राधेश्यामने रुमाल उघडला आणि म्हणाला, "दैवशालामावशीची माळ. माझ्या वडिलांनी केल्ती."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. साहेबरावांनी ते तांबूस मणी दाखवले. "हे पितळेचे आहेत का तेवढं सांग."

राधेश्यामने एक जुना मणी कसोटीच्या दगडावर घासला, मग तांबूस मणी घासला. दोन्ही रेघांवर तेजाबाचा थेंब टाकला. पुन्हा तसंच केलं. मग भिंग लावून पाहिलं.

"सोनं हाय."

"कोणता?"

"दोन्ही बी. हे जुने वडिलांच्या हातचे, ठोकून केलेले. त्यांच्यावर हातोडीचा माग दिसतो. हे तांबूस मशीनचे हायेत, अलीकडचे. पण सोनं बराबर हाय. वजनाला उलट हेच भारी भरतील."

"तूच बदलले असशील गाठवताना."

"जमादारसाहेब!" राधेश्याम दुखावला. "ही गाठ माझी न्हाईच. मी लाल गोंडा लावतो, सगळं गाव जाणतं. हा निळा गोंडा अन् अशी गाठ जालन्याच्या सराफ्यातली. संक्रांतीला माळ माझ्याकडं आलीच न्हाई."

साहेबराव पेढीच्या पायरीवर उभे राहिले. फाट्यावरून गाड्या चारी दिशांना जात होत्या आणि त्यांच्या डोक्याचंही तेच झालं होतं. सोनं नेऊन पितळ ठेवणारे चोर त्यांनी पाहिले होते. नुसतंच नेणारे तर ढिगाने पाहिले. पण सोनं नेऊन त्याच्या जागी जास्त भारी सोनं ठेवून जाणारा चोर त्यांच्या अख्ख्या नोकरीत त्यांना भेटला नव्हता.

४

भाचा हरिओम बी-बियाण्याचं दुकान चालवायचा. मामांनी त्याला पोत्यांच्या आडोशाला गाठून माळेचं विचारलं.

"मामा, मला कपाशीच्या वाणातला फरक इचारा," तो म्हणाला. "दागिन्यातलं मला बिलकुल कळत न्हाई. कपाटाची चावी आईच्याच कंबरेला असती."

"तुझी बायको कशी हाय?"

"कशी म्हंजे? चांगली हाय. थोडी हट्टी हाय. आता हे ऑपरेशनच घ्या. मी म्हणलो, पावसाळा जाऊ दे, घाई काय हाय? आई तर तयारच नव्हती. पण संक्रांत झाली अन् हिनं जे मनावर घेतलं! स्वतः जालन्याला तपासणीला नेलं. तिथं रक्तदाब वाढलेला निघाला, परत पाठवलं. परत नेलं. ऑपरेशनाच्या दिवशी बाहेर बाकावर बसून राह्यली, पाणी बी पिली न्हाई."

"अन् तुझ्या आईनं तयारी का नाही दाखवली?"

हरिओमने पोत्याचा दोरा उगाच ओढला. "दिवाळीत आईनं खिरीत साखरेच्या जागी मीठ टाकल्तं. सुरेखाताईचे सासरचे जेवायला होते. सगळे हसले. आई बी हसली, पण त्या दिवसापासून चुलीकडं गेली न्हाई. म्हणती, आता आपलं काय राह्यलं? ओवीला तेवढं घेऊन बसती."

घरी परतताना शेजारच्या ओट्यावर बेबीनंदाबाई तूर पाखडत होत्या. त्यांची नातवंडं ओवीची खेळगडी. साहेबराव टेकले. गावच्या ओट्यावर जी माहिती मिळते ती चौकीत मिळत नाही.

"तुमच्या सूनबाईसारखी हौशी बाई न्हाई बघा," बेबीनंदाबाई आपणहून म्हणाल्या. "संक्रांतीला नातीचं बोरन्हाण केलं. दैवशालाबाई मांडीवर सूप घेऊन मापं भरून देत होत्या, बाया पोरीच्या डोक्यावरून ओतत होत्या. बोरं, चुरमुरे, उसाच्या गंडेऱ्या, रेवड्या. गल्लीतली झाडून सारी पोरं तुटून पडली. झालं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ही परत हजर! परातीत तिळाचे लाडू घेऊन घरोघर फिरून राह्यली. पोरांनो, कालची बोरं आणा अन् बोरांच्या बदल्यात लाडू घ्या म्हणे. पोरं काय, खिसे उलटे करून देऊन टाकली. आमच्या धम्मपालनं तर उष्ट्या बिया बी दिल्या." त्या खळखळून हसल्या.

साहेबरावही हसले. पण घराच्या उंबऱ्यात येईपर्यंत त्यांचं हसू थांबलं होतं.

५

ओसरीवर हरिओम आणि प्रीतीच्या लग्नाचा फोटो लावलेला होता. साहेबराव या लग्नात जेवले होते, फोटो कितीदा तरी पाहिला होता. आज त्यांनी चष्मा लावून जवळून पाहिला. नवरीच्या गळ्यात सोन्याच्या गोल मण्यांची एकदाणी होती. माहेरची.

प्रीती कपडे वाळत घालत होती. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र होतं. बाकी काही नाही.

"सूनबाई," साहेबराव म्हणाले, "संक्रांतीत बोरमाळ तूच गाठवून आणलीस ना?"

"हो मामा."

"राधेश्यामकडून न्हाई आणली."

प्रीतीचा हात दोरीवर थांबला. "जालन्याहून आणली."

"का?"

ओवीचं झबलं तिने झटकलं, पुन्हा झटकलं. त्यात झटकण्यासारखं आता पाणी उरलं नव्हतं.

"बाईंना कळलंय," साहेबराव हलकेच म्हणाले. "मणी बदललेत हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यानं बघितलंय. रविवारी त्या सगळ्यांसमोर इचारणार हायेत."

प्रीतीने मामांकडे पाहिलं. साहेबरावांनी आयुष्यभर पकडले गेलेले लोक पाहिले होते. ते घाबरतात, रडतात, चिडतात. ही मुलगी यांतलं काहीच करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंदच उमटला.

"एवढं बारीक दिसतंय त्यांना?" ती म्हणाली.

मग तिचा चेहरा उतरला. "मीच बदललेत, मामा. मीच सांगते रविवारी. पण का बदलले ते मला इचारू नका. काय व्हायचं ते माझं होऊ द्या." बादली उचलून ती आत निघून गेली.

गुन्हेगाराने स्वतःहून कबुली दिली होती. अशा वेळी जमादार डुलत डुलत चौकीत जायचे आणि चहा मागवायचे. आज मात्र साहेबराव वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभे होते आणि त्यांना खात्री होती की खरा तपास आता कुठे सुरू झाला आहे.

६

रविवारी सुरेखा अंकुशनगरहून आली ती आधीच तापलेली. आईने फोनवर तिला थोडं सांगितलं होतं, उरलेलं तिने स्वतःच्या मनाने पुरं केलं होतं.

"मी तर त्या लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी माळ आणून दिल्ती," ती ओसरीवर पाय ठेवता ठेवता म्हणाली. "माझ्यावर आळ नको."

"तुझ्यावर कुणी घेतला न्हाई," साहेबराव म्हणाले. "बस."

ओसरीवर सगळे जमले. दैवशालाबाई बाजेवर, शेजारी सुरेखा. हरिओम खांबाला टेकून उभा. प्रीती दाराच्या चौकटीत. साहेबरावांनी बेबीनंदाबाईंनाही बोलावून घेतलं होतं, आणि त्या का बोलावलं हे न कळून सुपासकट आल्या होत्या.

"मणी मी बदलले," प्रीतीने सुरुवातीलाच सांगून टाकलं.

"बघ! मी म्हणत नव्हते?" सुरेखा म्हणाली. हरिओमचं तोंड उघडं राहिलं. दैवशालाबाईंनी डोळे मिटले, दोन्ही.

"आता मला बोलू द्या," साहेबराव म्हणाले. त्यांचा आवाज जमादाराचा झाला होता. "मणी बदलले हे खरं. पण राधेश्यामनं दोन्ही मणी कसाला लावले. जुने बी सोन्याचे अन् नवे बी सोन्याचे. नवे तर जास्त भारी. चोर घर भरायला येतो. आपल्या पदरचं टाकून जाणारा चोर कुणी बघितलाय? नवे मणी आले कुठून? तो फोटो बघा. सुनेच्या गळ्यात एकदाणी हाय. आता तिचा गळा बघा."

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं, मग प्रीतीकडे. तिने पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला.

"म्हंजे तिनं स्वतःचे मणी घातले. पण मंग बाईंचे मणी गेले कुठं? तिनं घेतले का? हरिओम, आईच्या ऑपरेशनाचा हट्ट कुणी धरला?"

"प्रीतीनं."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"चोराला अंधार लागतो. माळेत वेगळे मणी हायेत हे एकाच माणसाला ठाऊक होतं, अन् ते मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसणार न्हाई हे बी त्याच माणसाला ठाऊक होतं. ती गप राह्यली असती तर जन्मभर कुणाला कळलं नसतं. तिनं काय केलं? जिच्यापासून लपवायचं, तिचाच डोळा उघडून आणला. परत पाठवलं तरी परत नेलं. चोर असं करीत न्हाई, सुरेखा."

सुरेखाने पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"मंग मणी गेले कुठं?" दैवशालाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

इथे साहेबराव अडखळले. उत्तर त्यांच्याकडे होतं. पण ते बोलायला त्यांना जड जाऊ लागलं, आणि प्रीती का बोलत नव्हती हे त्यांना त्या क्षणी पुरतं कळलं.

"बाई, दोरा तुटला तवा तुझ्या मांडीवर काय होतं?"

"सूप."

"सुपात?"

"बोरं. मी मापं भरून..." दैवशालाबाई थांबल्या. त्यांचा हात आपोआप पुढे आला आणि हवेतच कशात तरी माप बुडवल्यासारखा वळला.

"माझ्याच हातानं," त्या म्हणाल्या. "मला बोरं अन् सोनं येगळं दिसलं न्हाई. मीच मापात भरून दिलं. पोरांनी बोरांसंगं उचलून नेलं."

बेबीनंदाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. "म्हणून लाडू!"

"म्हणून लाडू," साहेबराव म्हणाले. "रात्री माळ मोजताना हिला कळलं असंल. सकाळी लाडू वाटून पोरांचे खिसे रिकामे केले. बरेच मणी मिळाले. पाच-सहा न्हाई मिळाले. कुणी चघळून थुंकले असतील, कुणी गिळले असतील. सोन्याचं नाव मात्र तिनं काढलं न्हाई. काढलं असतं तर गल्लीतल्या घराघरात झाडाझडती झाली असती, अन् कुणाच्या तरी लेकराच्या कपाळावर चोर म्हणून शिक्का बसला असता."

"कुणाच्या म्हंजे पहिला आमच्याच," बेबीनंदाबाई सरळ म्हणाल्या, आणि प्रीतीकडे पाहून त्यांनी पदराने डोळे टिपले.

"अगं, पण मला तरी सांगायचंस," हरिओम बायकोला म्हणाला.

"तुमच्या पोटात काही राहतं का?" प्रीती पहिल्यांदाच तोडून बोलली. मग ती सासूकडे वळली. "आत्याबाई, खिरीचं झालं तवापासून तुम्ही चूल सोडली. हे कळलं असतं तर तुम्ही ओवीला बी मांडीवर घेतलं नसतं. म्हणून मी बोलले न्हाई. मला वाटलं, डोळा येऊ द्यावा आधी. मंग दिसलं तर दिसलं. मला बोलणी बसतील, पण तुम्हाला दिसंल तरी."

सुरेखाने मान खाली घातली. खिरीला पहिली हसलेली तीच होती.

दैवशालाबाईंनी काळा चष्मा काढला. "हिकडं ये," त्या सुनेला म्हणाल्या. प्रीती बाजेजवळ आली. "जवळ नको, जवळचं नीट दिसत न्हाई. तिथं उभी राह्य. उन्हात."

प्रीती अंगणाच्या कडेला उन्हात उभी राहिली. ती या घरात आली तेव्हाच सासूच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलेला होता. लग्नात मुलगी कशी आहे ते दैवशालाबाईंना दुसऱ्यांनी सांगितलं होतं. त्या आता उजव्या डोळ्याने तिच्याकडे पाहत राहिल्या, कपाळ, नाक, हनुवटीवरचा तीळ.

"इतके दिवस झाले डोळा येऊन," त्या म्हणाल्या, "अन् मी मेलीनं पहिलं काय बघितलं, तर मणी."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. साहेबराव घाबरून ओरडले, "बाई, रडू नको! डोळ्याला चालत न्हाई!" आणि मग सगळेच एकदम बोलू लागले. सुरेखा उठून प्रीतीजवळ गेली, तिला काही म्हणायचं होतं ते जमेना, म्हणून तिने ओवीला उचलून प्रीतीच्या कडेवर दिलं.

"आई, ते मणी काढून प्रीतीला परत देऊ या," सुरेखा शेवटी म्हणाली. "तिची एकदाणी पुरी होऊ दे."

दैवशालाबाईंनी बोरमाळ पटकन गळ्यात घातली आणि वर पदर घेतला.

"ते मणी मी देत न्हाई. माझ्या सुनेचे हायेत. तिच्यासाठी नवे घेईन, राधेश्यामकडं बसून, माझ्या पसंतीचे." त्यांनी भावाकडे मान वळवली. "सायबा, डॉक्टरीणबाईला फोन लाव. म्हणावं, मी त्या तारखेला येऊन राह्यले. सोनं घ्यायचं तर दोन्ही डोळे पाहिजेत."